दोनशे छप्पन्न पत्ते

टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत मी घरातले सगळे प्लग उघडून पुन्हा बसवले. मग शेजाऱ्यांचे बसवले. नंतर दारावरची बेल, जी बरी चालली होती, ती उघडली आणि ती बंद पडली. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती संध्याकाळी आली, बेल वाजेना म्हणून दार ठोठावलं, आणि आत येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "अहो, तुम्ही कुठंतरी जात जा. कुठंही जा, पण जा."

तिचंही बरोबर होतं. तीस वर्षं मी सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत एक्स्चेंज, केबल, खांब हेच केलं होतं. सकाळी साडेनऊ झाले की पाय आपोआप दाराकडे वळायचे, आणि दारापाशी गेल्यावर आठवायचं, की आपल्याला कुठंच जायचं नाही.

त्याच दिवसांत सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका ऑपरेटरचा फोन आला. वडलांनी टॉवेलचे माग विकले होते, त्याच शेडमध्ये त्यानं इंटरनेटचा धंदा सुरू केला होता. वय चाळिशीचं, बोलणं गोड, डोकं तल्लख. कामानिमित्त आमची जुनी ओळख होती.

"सर, मोकळे आहात ना? स्वतःचे आयपी घ्यायचेत. कागदपत्रं तुम्ही बघा."

इंटरनेटला जोडायचं तर आकड्यांचा एक पत्ता लागतो, तोच आयपी. छोटे ऑपरेटर असे पत्ते वरच्या मोठ्या कंपनीकडून भाड्यानं घेतात, आणि कंपनी सोडली की पत्तेही सोडावे लागतात. त्याला दुसरी, स्वस्त कंपनी मिळत होती. पण त्याच्या गिऱ्हाइकांत दोन हॉस्पिटलं होती, एक सूतगिरणी होती, एक पतसंस्था होती. त्यांचे कॅमेरे, त्यांची यंत्रं, सगळं त्या जुन्या पत्त्यांवर बांधलेलं. कंपनी बदलायची म्हणजे एकेकाच्या दारात जाऊन सगळं नव्यानं बसवायचं. मोठ्या कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी ती दर वाढवत होती आणि हा मुकाट्यानं देत होता.

दोन दिवस मी नियम वाचले. वाचताना किती दिवसांनी एका जागी स्थिर बसलो होतो! देशातल्या या पत्त्यांची नोंद ठेवणारी एक संस्था दिल्लीकडं आहे. तिचं सभासद व्हायचं. सुरुवातीला एकदा फी, मग दरवर्षी फी. फी थांबली की पत्ते परत. नव्या माणसाला सगळ्यांत लहान गठ्ठा मिळतो दोनशे छप्पन्न पत्त्यांचा, आणि गरज दाखवली तर फार तर त्याच्या दुप्पट, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगातच संपत आलेत. घरगुती गिऱ्हाइकांची दहा-वीस घरं एकाच पत्त्यावर चालवता येतात, म्हणून एवढ्यात भागतं. शिवाय खऱ्या अर्थानं स्वतंत्र व्हायचं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घ्याव्या लागतात. फीपेक्षा ही दुसरी लाइनच महाग.

"एकट्याला जड जाईल," मी त्याला म्हणालो. "आणखी दोघं बरोबर घेतलेत तर फी एकच, आणि लाइनीचा खर्च वाटून."

"मग आणा की दोघं, सर. तुमची सगळीकडं ओळख आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. बायकोनं डबा भरून दिला. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला.

आधी वैरागला गेलो. तिथला ऑपरेटर माझ्याच वयाचा. व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देण्यापासून त्याची सुरुवात, मग केबल टीव्ही, मग इंटरनेट. फॉल्ट काढायला मी तिकडं गेलो की त्याच्याच दुकानात चहा व्हायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी म्हनताय म्हंजी बरंच असंल. पर मला त्यातलं काय कळत न्हाय. कुटं सही करायची तेवढं सांगा."

मग उजनीच्या काठाला. तिथं एक बाई सात गावांत इंटरनेट चालवते. पस्तिशीच्या आतली. धंदा नवऱ्यानं उभा केला होता. तो खांबावरून पडून गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. सासरचे म्हणाले, विकून टाक. हिनं आठ दिवस विचार केला आणि नवव्या दिवशी वायर जोडायचं मशीन घेऊन बाहेर पडली. मी गेलो तेव्हा ती रस्त्याकडेला बसून तुटलेली केबल जोडत होती. उसाच्या ट्रॉलीनं ओढून नेली होती. हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं,

"काका, पत्ते कुनाच्या नावावर ऱ्हानार?"

वैरागच्या माणसानं न विचारलेला प्रश्न हिनं पहिलाच विचारला.

"एकाच नावावर. सभासद एकच होतो, ज्याचं लायसन्स आणि ज्याचे कागद. बाकीचे त्याच्याकडून घेतात."

"आनि फी भरायची ऱ्हायली तर?"

"पत्ते जातात."

"म्हंजी मालकी न्हायच."

"नाही. वापरायचा हक्क."

"मासेमारीच्या परवान्यावानी हाय की मग. पानी सरकारचं, जाळं आपलं." तिनं जोड तपासली, मशीनची पेटी बंद केली. "मी येते. पर नावाचं आधी ठरू द्या."

सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर चौघं भेटलो. पूर्व भागातल्या ऑपरेटरनं सगळ्यांसाठी नाश्ता मागवला होता. तो म्हणाला, "सोपं आहे. ज्याची गिऱ्हाइकं जास्त, त्याच्या नावानं अर्ज. खर्चही त्याच हिशेबानं. आणि गरज किती ते दिल्लीला दाखवायचंच आहे. तर प्रत्येकानं आपापला आकडा सांगू या."

मी वर्षानुवर्षं या धंद्यातली माणसं पाहिलीत. कुणी बायकोलाही आपल्या गिऱ्हाइकांचा आकडा सांगत नाही. सरकारी फी भरताना कमी सांगायचा, बँकेत जास्त सांगायचा, आणि दुसऱ्या ऑपरेटरसमोर सांगायचाच नाही.

वैरागवाला बराच वेळ बशीतला शिरा चमच्यानं इकडून तिकडं करत होता. शेवटी माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "कंचा सांगू? सरकारला सांगितलेला का खरा?"

आम्ही सगळे हसलो. तोही हसला, पण आकडा काही सांगेना.

"सहाशे चाळीस," बाई म्हणाली. "त्यातली तीस-बत्तीस बंद हायत, केळीचे पैसे आले की चालू करत्यात. तुमी सहाशे दहा धरा."

मग वैरागवाल्यानं साडेसातशे सांगितले. पूर्व भागातला म्हणाला, "तेवीसशे." म्हणजे नाव त्याचंच. बाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि चहा संपवला.

अर्जाबरोबर जाळ्याचा नकाशा लागतो. कुठं किती गिऱ्हाइकं, कुठं किती पत्ते लागतील. नकाशा काढायचं काम माझं, आणि तांत्रिक संपर्क म्हणून खाली सहीही माझी. मी तिन्ही ठिकाणी फिरलो. काठावरच्या गावांत बाईचा आकडा दोन-चारांच्या फरकानं जुळला. वैरागला तिथल्या ऑपरेटरनं सांगितल्यापेक्षा थोडी जास्तच गिऱ्हाइकं भरली.

पूर्व भागात मला गणित लागेना. त्याच्या शेडमधल्या यंत्रावरची यादी मागितली, तर "देतो, सर, देतो" करत चार दिवस गेले. ते चार दिवस मी घरात बसू शकलो नाही. सकाळी जाऊन गल्ल्यांतून चालायला लागलो. प्रत्येक गल्लीत खांबावर त्याची काळी पेटी असते. एका पेटीतून आठ नाहीतर सोळा घरांना वायरी जातात. मी पेट्या मोजल्या. साडी वाळत घालणाऱ्या बायका वर बघत फिरणाऱ्या माझ्याकडं संशयानं बघायच्या. एका म्हातारीनं तेलुगूत काहीतरी विचारलं, मी वर बोट दाखवलं, तिनंही वर पाहिलं आणि मान हलवत आत गेली. सगळ्या पेट्या अगदी गच्च भरल्या असत्या तरी बाराशेच्या वर आकडा जात नव्हता.

मी शेडमध्ये गेलो. दरवाजा बंद करून त्याला म्हणालो, "तेवीसशे नाहीत."

त्यानं नाकारलं नाही. खुर्ची पुढं सरकवली. "सर, बसा. आज नाहीत, पण दोन वर्षांत होणार आहेत. सगळे असंच लिहितात. जास्त दाखवलं तर दुप्पट पत्ते मिळतील, आणि ते तिघांच्याच कामाला येतील ना?"

"मग माडीवर त्या दोघांसमोर का खोटं सांगितलं?"

"नाव दुसऱ्याच्या हातात गेलं तर मी पुन्हा भाडेकरूच. आधी कंपनीचा होतो, आता यांचा. वडलांनी माग विकले तेव्हा मी ठरवलं होतं सर, की कुणाच्या हाताखाली..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तुम्ही फक्त तेवीसशे लिहा."

मला राग यायला हवा होता. पण मनात भलतंच काहीतरी वर येत होतं. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळात प्रतीक्षायादीचा कागद ऑफिसबाहेर लावायचं काम माझ्याकडं होतं. एकदा वरिष्ठांनी एक अर्ज सात जागा वर घ्यायला सांगितला आणि मी घेतला. एक कंपाउंडर दर सोमवारी यादी बघायला यायचा. त्याचा मुलगा फौजेत होता, त्याच्याशी बोलायला घरी फोन हवा होता. त्या सोमवारी तो खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, माझा नंबर उलटा कसा गेला?" मी म्हणालो, "लिहिण्यात चूक झाली होती, दुरुस्त केली." त्याला ते पटलं. "असं होय," म्हणाला आणि सायकलला टांग मारून गेला. त्यानं भांडण केलं असतं तर मी विसरलो असतो.

"मी लिहिणार नाही," मी म्हणालो.

"मग मी दुसऱ्याकडून करून घेतो, सर." तो हे शांतपणे म्हणाला, आणि मला गेटपर्यंत सोडायला आला.

घरी येऊन मी गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिलो. बायको वर आली. सगळं ऐकलं. "बरोबर केलंत," म्हणाली, आणि लगेच, "पण आता त्या दोघांचं काय?"

तोच तर घोर होता. मोठा भिडू गेला होता. उरलेल्या दोघांना खर्च पेलणार का, आणि नाव कुणाचं? दुसऱ्या दिवशी वैरागला जाऊन मी तिथल्या ऑपरेटरचे कागद मागितले. पॅनवर एक नाव, लायसन्सवर वडलांचं नाव गाळलेलं, जीएसटीवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्जातली संस्था, लायसन्सची संस्था आणि कराची संस्था अक्षरन् अक्षर एकच लागते. हे सगळं जुळवायचं म्हणजे वर्ष गेलं असतं.

तिथून काठावर गेलो. बाईनं कपाटातून एक निळी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. मी एकेक कागद बघत गेलो. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

"एवढं नीट कसं?" मी विचारलं.

"हे गेले तवा सगळं त्येंच्या नावावर हुतं," ती म्हणाली. "लायसन, खातं, मीटर. प्रत्येकाला येक कागद पायजे. मुंबईला सहा खेपा, सोलापूरला किती ते मोजलं न्हाय. प्रत्येक टेबलावर सांगायचं, माणूस गेला म्हणून. शेवटी शेवटी मी ते मोठ्यानं सांगायला लागले, म्हंजी पुन्ना इचारू नये." ती फाइलीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "दोन वर्सं लागली. म्हणून नीट हाय."

मी कागद परत फाइलीत लावले. मी म्हणालो, "मग नाव तुमचंच जाईल, ताई."

"त्ये वैरागवाले मामा चालवून घेतील?"

मामांनी चालवून घेतलं नाही. माझ्यासमोर सरळच म्हणाले, "सायेब, कालची पोर ती. तिच्या हाताखाली मी? गावात तोंड दावायला जागा ऱ्हाईल का?" मी कागदांचं सांगितलं, खर्चाचं सांगितलं. ते नुसते "व्हय, व्हय" करत राहिले, आणि ते व्हय म्हणजे न्हायच होतं. मी निघालो. आठ दिवस फोन नाही. मी रोज सकाळी मोबाइल बघायचो, खिशात ठेवायचो, पुन्हा काढायचो. बेल दुरुस्त केली. ती चांगली वाजायला लागली, म्हणून आता काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहिला.

नवव्या दिवशी बाईचाच फोन आला. "काका, मामा हितं बसल्यात. या तुमी."

मी गेलो तर दोघं समोरासमोर बसले होते आणि मध्ये वहीतला एक कागद होता. झालं असं होतं, की वैरागजवळ रस्त्याच्या कामात मामांची मुख्य केबल जेसीबीनं तोडली, त्यांचं जोडायचं मशीन बिघडलं, आणि त्यांनी लाज सोडून बाईला फोन केला. ती मशीन घेऊन स्वतः गेली. सगळी दुपार खड्ड्यात बसून तिनं जोडण्या केल्या. त्या दुपारभरात पत्त्यांचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

"मीच काढला," मामा म्हणाले. "म्हनलं, लिवून दे. मी फी वेळंवर दिली तर माझे पत्ते तू काडून घ्यायचे न्हाईत."

"आनि मी लिवलं, की मला धंदा बंद करायचा आसंल तर सहा म्हैने आधी सांगीन," बाई म्हणाली. "काका, हे चालंल का वाचा."

वकिलाच्या भाषेत ते कच्चंच होतं, पण अर्थ पुरेपूर होता. मी सोलापूरला नोटरीकडं नेऊन त्याचा नीट करारनामा करून आणला.

मग अर्ज गेला. सहाशे दहा आणि आठशे दोन. खरे आकडे. आठवड्यानं संस्थेकडून शंका आली, नकाशातल्या एका जोडणीबद्दल. उत्तर दिलं. मग दुसऱ्या कंपनीच्या लाइनीचं पत्र हवं होतं. ते आणायला पुण्याला गेलो, तिथला साहेब रजेवर. मला झोप लागत नव्हती. बायको म्हणाली, "आपल्या लेकीच्या बारावीच्या निकालाला सुद्धा तुम्ही एवढे कासावीस नव्हता."

दीड महिन्यानं मंजुरी आली. दोनशे छप्पन्न पत्ते, आणि नव्या पद्धतीचे इतके, की तो आकडा मराठीत कसा वाचायचा ते मला अजून कळलेलं नाही. बाईनं विचारलं, "सभासद झाले म्हंजी मला काय काय करता येतं?" मी सांगितलं, संस्थेच्या निवडणुकीत मत देता येतं. "दिल्लीत? माझं मत?" ती खूप हसली. आमच्या ओळखीत मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

बदल करायला आम्ही दुपारची जेवणानंतरची वेळ निवडली, जेव्हा गावं जरा आडवी होतात. मामा वैरागला, ती काठावर, मी तिच्या शेजारी. जुन्या कंपनीची लाइन बंद केली. सगळे दिवे हिरव्याचे लाल झाले. चार मिनिटं काहीच होईना. मी उठून फेऱ्या मारायला लागलो तशी ती म्हणाली, "काका, बसा हो. तुमच्यानं मला सुचंना झालंय." मी बसलो. मग एक दिवा हिरवा झाला, मग सगळे. फोनवर मामा ओरडत होते, "आली, आली!"

त्याच आठवड्यात कळलं, की पूर्व भागातल्यालाही मिळाले. कुणा सल्लागाराकडून त्यानं अर्ज केला होता, तेवीसशे लिहून. आमच्या आधी मिळाले, आणि दुप्पट. हे मी बाईला सांगावं की नाही या विचारात दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं.

तिनं विचारलं, "आपल्याला पुरतील ना?"

"पुरतील."

"मग झालं," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला उठली. पण तिचं झालं म्हणून माझं झालं नाही. कितीतरी दिवस चालता चालता मी थांबायचो आणि मनाशी म्हणायचो, खरं बोलून आपण काय मिळवलं? पुन्हा चालायला लागायचो.

मग एका सकाळी त्या पूर्व भागातल्याचाच फोन आला. पत्ते मिळाले होते, पण ते चालू करणं त्याला जमेना, आणि सल्लागार फोन घेईना. "सर, येता का?" आवाजात पूर्वीचा गोडवा नव्हता, नुसती धास्ती होती. मी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "जायचंच आहे तुम्हाला, तर चेहरा कशाला पाडता?" मी गेलो. सकाळभर बसून चालू करून दिलं. निघताना त्यानं पाकीट पुढं केलं, ते मी घेतलं. माडीवरचा विषय दोघांनीही काढला नाही.

आता तांत्रिक संपर्क म्हणून बाईच्या अर्जावर माझं नाव आहे. त्या दोनशे छप्पन्नांपैकी कुठल्याही पत्त्यावरून काही गडबड झाली, की जगातून कुठूनही तक्रार माझ्याकडं येते. परवा रविवारी पोहे खात होतो, तेवढ्यात कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाची मेल आली, की तुमचा अमुक पत्ता आमच्या यंत्रावर सारखा धडका मारतोय. शोधलं तर तो एका कोंबडीपालनाच्या शेडवरचा कॅमेरा निघाला. मालकानं पासवर्ड कधी बदललाच नव्हता, आणि कुणीतरी बाहेरून कॅमेरा ताब्यात घेऊन स्वतःचा पासवर्ड टाकला होता.

"मी जाऊन येतो," म्हणालो आणि उठलो.

"रविवार आहे," बायको म्हणाली. "मीही येते. धरणाचं पाणी बघून किती दिवस झाले."

ती मागं बसली. टेंभुर्णीपर्यंत ती शाळेतल्या नव्या हजेरीबद्दल बोलत होती, आणि मी मनात त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कसा शोधायचा ते जुळवत होतो.